एस्तेरबाईंचा सण

एस्तेरबाई भित्र्या होत्या. त्यांच्याविषयी लिहायला बसले आणि हेच वाक्य आधी आलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणून ते खोडलं. दुसरं लिहून पाहिलं, तेही खोडलं. प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, देवभोळ्या होत्या, हे सगळं खरंच आहे. पण त्यांना ओळखणाऱ्या कुणाला विचारलं तर तो आधी हसेल आणि म्हणेल, "एस्तेरबाई? लई भेकड बाई." म्हणून पहिलंच वाक्य ठेवलं.

बुलढाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या आणि मी मराठी. अंगानं किडकिडीत, पांढरं लुगडं, कोपराच्या खाली येणारं पोलकं, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा. खांद्याजवळ पदराला नेहमी सुया टोचलेल्या. तास संपला की मुलींना वर्गाबाहेर जायची परवानगी नसे. आधी प्रत्येकीनं आपली सुई बाईंच्या हातात द्यायची. मग बाई एक लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या सतरंजीवरून फिरवायच्या, एखादा जादूगार फिरवतो तसा. पुढच्या तासाची घंटा झाली तरी त्यांचं फिरवणं चालूच. मी दारात पुस्तक घेऊन उभी.

"बाई, सगळ्या सुया मिळाल्या ना?"

"मिळाल्या."

"मग आता कशाला बघता?"

"एखादी जास्तीची असली तं?"

आणि लोहचुंबक परत सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला.

त्यांची दुसरी सवय लोकांना टोचायची. कुणी काही खायला दिलं की त्या ते हातात घेण्याआधी विचारायच्या, "याच्यात काय हाय?" हळदीकुंकवाला, बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला, कुठंही. देणाऱ्या बाईला वाटायचं, हिला आपल्या हाताची किळस येते. वास्तविक त्या काळात ख्रिस्ती बाईला घरात बोलावून खायला द्यायचं म्हणजे देणारीलाच आपण फार उदार आहोत असं वाटत असायचं, आणि ही बाई उलट चौकशी करणार! एकदा आमच्या गणिताच्या बाई चिडून म्हणाल्या, "विष हाय. खा." एस्तेरबाईंनी बशी शांतपणे खाली ठेवली. बरं, नुसतं सांगूनही भागत नसे. कुणी म्हणालं, "काही नाही हो, साधी बर्फी," की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "नाव नका सांगू. दाखवा." मग बर्फी मोडायची, आतून पाहायची, नाकाजवळ न्यायची. आणि एवढं करून स्वतः खायची नाहीच, रुमालात बांधून घरी न्यायची. मला हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटे. मी पुस्तकं वाचणारी बाई. नावावर माझा विश्वास होता. वस्तूचं नाव कळलं की वस्तू कळली, असं मी इतकी वर्षं मुलींना शिकवत आले होते.

त्यांचा सण म्हणजे ईस्टर. पण आमच्या गल्लीत ईस्टर हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. त्यांचं नाव एस्तेर, सणाचं नाव ईस्टर; लोकांनी सरळ समजूत करून घेतली की हा या बाईंच्याच नावाचा सण आहे. गल्लीतली पोरं होळी झाली की विचारू लागत, "बाई, एस्तेरचा सण कवा हाय व?" सुरुवातीला त्या समजावून सांगत, प्रभू येशू, वधस्तंभ, तिसरा दिवस. पोरं सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "हाव, पन तुमचा सण कवा हाय?" मग त्यांनी नाद सोडला. माझ्या सासूबाई जानेफळहून आल्या होत्या तेव्हा हे ऐकून चकित झाल्या. म्हणाल्या, "जित्या बाईच्या नावाचा सन? मोठीच बाई असन मंग."

त्या सणाला एस्तेरबाई गल्लीतल्या प्रत्येक पोराला एक टोपली द्यायच्या. बुरडाकडून आणलेली, तळहातावर मावेल एवढी बांबूची टोपली. तिच्यात पळसाच्या फुलांच्या पाण्यात उकडून पिवळंधमक केलेलं अंडं, बत्तासे, साखरेची गाठी, मुरमुऱ्याचा लाडू. मारवाड्याच्या घरी अंडं चालत नसे. त्या पोरांना अंड्याऐवजी अंड्याएवढाच बटाटा, तोही पळसात रंगवलेला. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पोराले गोल पिवळं पाहिजे असते. आत काय हाय ते त्याची माय पाह्यते."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमची नंदा तेव्हा तीन वर्षांची होती. घरी सांभाळायला कुणी नसलं की मी तिला शाळेत घेऊन जाई. संक्रांतीच्या दिवशी असंच नेलं होतं. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत तिळगूळ वाटला गेला. नंदानं लाडू चावून चावून संपवला आणि थोड्या वेळानं मान खाजवायला लागली. मी फारसं लक्ष दिलं नाही. मग पाहिलं तर मानेवर, पाठीवर लाल गांधी उठलेल्या. कुणी म्हणालं, पित्त आहे, आमसूल चोळा. कुणी म्हणालं, नजर लागली, मीठमोहऱ्या आणा. आम्ही आमसूल शोधत होतो तोवर नंदाचे ओठ सुजले. ती "आई" म्हणाली तो आवाज तिचा नव्हता. घशातून पिपाणीसारखी शीळ येऊ लागली.

एस्तेरबाई दारात आल्या. नंदाच्या ओठांकडे त्यांनी पाहिलं, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई किंचाळली, "सोडा ते आमसूल! दवाखान्यात! आत्ता!"

पोर माझ्या हातातून त्यांनी ओढूनच घेतलं. चप्पल न घालता पळाल्या. मी मागं. फाटकाशी टांगा होता त्यात बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी चक्क खाली उतरवलं. वाटभर त्या नंदाला मांडीवर उभी धरून तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन एकच बोलत होत्या, "श्वास घे माय. घे. आता सोड. आता आखीन घे." मधेच एकदा म्हणाल्या, "घे रे शमू." शमू कोण, हे विचारायचं मला तेव्हा भान नव्हतं. नंदाचे ओठ निळसर दिसत होते आणि मी घोड्याच्या टापा ऐकत होते. दुसरं काही ऐकायची हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग हळूहळू, फार हळूहळू, ती शीळ कमी झाली. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी मला समजावून सांगितलं. याला ॲलर्जी म्हणतात. एखाद्या शरीराला एखादा पदार्थ शत्रूसारखा वाटतो. तीळ असेल, फल्ली असेल. बहुतेक फल्लीच, कारण घरी तीळ तिनं खाल्लेले होते, कुटाच्या तिखट भाज्या मात्र आम्ही तिला अजून देत नव्हतो. फल्ली म्हणजे शेंगदाणे. आमच्याकडे वऱ्हाडात फल्लीच म्हणतात. यावर औषध नाही, ती पोटात जाऊ द्यायची नाही, एवढंच. जाताना ते म्हणाले, "आज वेळेवर आलात. दर वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. वऱ्हाडात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. भाजीत कूट, चटणीत कूट, तळण फल्लीच्या तेलात, देवळातला प्रसाद, वाण्याच्या तराजूचं पारडं, शेजारच्या पोराचा हात. माझी मुलगी जिथं जाईल तिथं ते होतं.

दवाखान्याच्या बाकावर नंदा माझ्या मांडीवर झोपली. एस्तेरबाई शेजारी बसल्या. त्यांचे पाय धुळीनं माखले होते, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. मी विचारलं, "शमू कोण?"

"माहा पोरगा," त्या म्हणाल्या. "शमुवेल."

मला वाटलं होतं त्यांना मूलबाळ नाही.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. लग्नानंतर त्या चिखलीकडच्या एका खेड्यात मिशनच्या बोर्डिंगमध्ये होत्या. नवरा तिथंच मास्तर, पुढं तापानं गेला. शमूला फल्ली सोसत नसे. खाल्ली की अंग सुजायचं. हे त्यांना ठाऊक होतं, त्या देत नसत. ईस्टरला तिथली मडम मुलांना टोपल्या द्यायची. एका वर्षी टोपलीत पाव होता आणि पावाला काहीतरी फासलेलं होतं.

"म्या इचारलं, काय हाय? मडम म्हने, लोनी. आमच्या देशाचं लोनी. तिकडं समदे लेकरं खातात." त्यांनी अंगठ्याचं रक्त पदरानं टिपलं. "लोनी म्हटल्यावर म्या पाह्यलं नाही. रंग येगळा होता, पन म्हटलं, तिकडल्या गाई येगळ्या असतीन. म्याच चारलं त्याले. माह्या हातानं."

ते फल्ली वाटून केलेलं होतं.

"मडम लई रडली," एस्तेरबाई म्हणाल्या. "तिची काई चूक नाही. तिले मराठीत दुसरं नाव येत नव्हतं."

दवाखान्याच्या आवारात कुणीतरी बादली ओढत होतं. मी नंदाच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास मोजायचा प्रयत्न करत होते.

मी म्हणाले, "आणि तरी तुम्ही टोपल्या करता?"

"कईक वर्सं नाही केल्या. मडम देशाला गेली, मी इथं आलो. एका ईस्टरले दारात बसलो होतो, त गल्लीतलं एक पोट्टं आलं. कोनी सांगितलं होतं त्याले की किरिस्तावाच्या सणाले टोपली भेटते. मले म्हने, बाई, टोपली नाही काय? आता त्याले मी काय सांगू? मले भेव लागते म्हनून तुले सण नाही?"

नंदाच्या दुखण्याचं मी सासूबाईंना कळवलं. त्या जानेफळहून लगेच आल्या. आल्या तेव्हा त्यांच्या मनात होतं की ख्रिस्ती बाईच्या हातचं काहीतरी पोरीनं खाल्लं असणार. सगळं ऐकून त्यांनी नंदाला मांडीवर घेतलं. मग मला म्हणाल्या, "तिच्या हातचं खाऊ दे पोरीले. बाकी कोनाच्याच हातचं नको."

त्या वर्षीपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी एस्तेरबाईंच्या घरी मदतीला जाऊ लागले. मदत म्हणजे काय, त्यांची भीती पाहायला जात होते म्हणा. टोपल्या दर वर्षी नव्या. जुनी टोपली चालायची नाही, कारण वर्षभरात तिच्यात कुणी फल्ली ठेवली नसेल कशावरून? मुरमुरे त्या स्वतः भट्टीवर जाऊन, भट्टीवाल्याची वाळू बदलून घेऊन भाजून आणत. आधीच्या वाळूत फल्ली भाजलेली असायची. तेलाचा तर वेगळाच सोहळा. करडी घेऊन त्या शंकर तेल्याच्या घाण्यावर जायच्या.

"शंकरभाऊ, याच्या आंधी काय गाळलं?"

"फल्ली."

"आन् त्याच्या आंधी?"

"फल्लीच. बाई, गावात तेल म्हटलं की फल्लीच असते. मी काय गुलाबाचं अत्तर गाळतो काय?"

"मंग घाना धू."

"घाना धू? बैल बी धुवू काय?"

बैल धुण्याचंही त्यांनी खरोखर दोन क्षण विचारात घेतलं, असं शंकरभाऊ नंतर सगळ्यांना सांगायचा. शेवटी तोड निघाली. घाणा पुसायचा, करडी घालायची, पहिलं निघेल ते तेल देवळाच्या दिव्याला. देऊळ म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर. नंतरचं तेल पोरांसाठी, लाडू वळताना हाताला लावायला. एस्तेरबाई तिथंच उभ्या राहून ते करवून घ्यायच्या.

टोपल्या दोन वेगळ्या असायच्या. त्यांच्या कडेला बाईंनी निळा दोरा गुंफलेला असे. एक नंदाची. दुसरी याकोबची, तो प्रार्थनामंदिराच्या राखणदाराचा नातू, नंदाच्याच वयाचा. त्याला अंडं सोसायचं नाही. खाल्लं की त्याच्याही अंगावर गांधी उठायच्या आणि डोळे सुजायचे. ख्रिस्ती पोर असून त्याच्या टोपलीत मारवाड्याच्या पोरासारखा बटाटा. त्याला त्याची लाज वाटायची. पोरं चिडवायची, "याकोब शेठ, याकोब शेठ."

एस्तेरबाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांना वांग्याचा संशय होता, केळीचा होता, एकदा तर शाळेतल्या निळ्या शाईचा आला. त्यांनी नंदाला शाळेच्या माठातलं पाणी पिऊ दिलं नाही. नंदा मग माझ्या हातातला घाससुद्धा मोडून पाहू लागली. चार वर्षांची पोर, घास बोटांनी उकलून बघायची आणि मगच तोंडात घालायची. कधी भाकरीकडे नुसती बघत बसायची. वजन उतरलं. यजमान चिडले. एस्तेरबाई घरी आल्या होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावरच म्हणाले, "बाई, तुम्ही तिचा जीव वाचवला, मान्य. पण आता पोरीला भीती लावून दिलीत. जगायचं कसं तिनं?"

मला वाटलं त्या रागावतील. त्या उभ्याच होत्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. मग नंदाजवळ खाली बसल्या. "नंदू, तू नको पाहू व माय. तू खाय. पाह्याले आम्ही हावो." आणि यजमानांना म्हणाल्या, "भ्यायाचं काम माह्याकडे राहू द्या, साहेब. तिच्याकडे टोपली राहू द्या."

त्यानंतर त्यांनी नंदासमोर कधी पदार्थ मोडला नाही. मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघरात बघून जायच्या.

नंदा सहा वर्षांची झाली त्या वर्षी प्रार्थनामंदिरात नवे पाळक आले. त्यांची बायको पुण्याकडची, नवं लग्न झालेली, हसरी, गोड बोलणारी. एस्तेरबाईंना ती मावशी म्हणायची. शनिवारी टोपल्या भरायला आली ती एक मोठं ताट घेऊन. खोबऱ्याच्या वड्या, एकसारख्या कापलेल्या, वर केशराचा एकेक तुरा. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. मग मी पळसाचं पाणी उपसायला परसात गेले. आत काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, एस्तेरबाईंकडूनही आणि पाळकीणबाईंकडूनही. दोघींनी अगदी सारखंच सांगितलं.

"याच्यात काय हाय?"

"खोबरं, साखर, वेलची, दाणे. बस्स."

"फल्ली?"

पाळकीणबाई हसली. "मावशी, तुमच्या फल्लीचं मला आल्याबरोबर सगळ्यांनी सांगून ठेवलंय. नाही हो घातली. ती कशी असते तेसुद्धा मला ठाऊक नाही."

एस्तेरबाईंनी ऐकलं ते वेलचीदाणे. आमच्याकडे नुसते दाणे म्हणजे ज्वारीचे, गव्हाचे. ते वडीत कोण घालेल? वेलचीचेच असणार. "दाखवा" हा शब्द त्यांच्या ओठावर आला होता. पण पाळकाची बायको, नवी नवरी, चार बायका बसलेल्या. त्या दिवशी सर्दीनं त्यांचं नाकही बंद होतं. त्यांनी वडी मोडली नाही. निळ्या दोऱ्याच्या टोपलीतही एकेक ठेवली.

ईस्टरची पहाटेची उपासना झाली, उजाडल्यावर टोपल्या वाटल्या गेल्या. नंदा तिची घेऊन उड्या मारत घरी आली, मला दाखवली आणि खेळायला गेली. त्यांच्या हातची टोपली. मी आत डोकावूनही पाहिलं नाही. मी चहा टाकला होता. तेवढ्यात अंगणात कुणीतरी धडपडल्याचा आवाज आला. एस्तेरबाई. पदर खांद्यावरून गळालेला, चष्मा हातात.

"नंदा कुठी हाय?"

"खेळायला गेली. काय झालं?"

"टोपली घेऊन गेली काय?"

त्या पाळकीणबाईंकडे चहाला गेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सूप होतं. सुपात तांबूस फोलं होती, भाजून चोळलेल्या फल्लीची. त्यांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, दाणे. कालच्या वड्यांचे. पुण्याकडे दाणे म्हणजेच शेंगदाणे.

आम्ही दोघी गल्लीत धावलो. हाका मारत होतो ते आठवतं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. विहिरीजवळ नव्हती. मारुतीच्या पाराजवळ नव्हती. पारावरची एक बाई म्हणाली, "सणासुदीचं काय बोंबलून राह्यल्या व?" शाळेच्या भिंतीमागं निंबाखाली दोन पोरं बसलेली दिसली. नंदा आणि याकोब. दोघांच्या मांडीवर निळ्या दोऱ्याच्या टोपल्या. नंदाचं तोंड हलत होतं.

एस्तेरबाई पुढं झाल्या. तिच्यापुढे गुडघे टेकून बसल्या, तिची हनुवटी धरली.

"काय खाल्लं व? थुक. थुक आंधी!"

नंदानं घाबरून हातावर थुंकलं. उकडलेला बटाटा होता.

"वडी? वडी कुठी हाय?"

"याकोबाले देल्ली," नंदा रडवेली होऊन म्हणाली. "त्याच्याकडे बटाटा होता. मले बटाटा पाहिजे होता. त्यानं मले शेठ होऊ दिलं."

याकोबचं तोंड वडीनं भरलेलं होतं. त्याला फल्ली सोसत होती. तो आळीपाळीनं आमच्याकडे पाहत होता आणि चावायचं थांबत नव्हता.

एस्तेरबाईंनी नंदाचे हात पाहिले. वडी धरली होती त्या बोटांजवळ, मनगटावर, एक गांधी उठली होती, चवलीएवढी. बाईंनी तिचे हात धुतले, पुन्हा धुतले, आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेच होते. त्यांनी तपासलं, म्हणाले, "काही झालेलं दिसत नाही. मग आणलं कशाला?"

"झाल्यावर आनायचं नाही म्हनून," एस्तेरबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत आम्ही त्या बाकावर बसून राहिलो. त्यांची ईस्टरची मुख्य उपासना बुडाली. नंदा कंटाळून बाकाखाली खेळत होती. दर थोड्या वेळानं आम्हा दोघींपैकी कुणीतरी वाकून तिचे ओठ पाहायचं. पाळकीणबाई रडत रडत आली. म्हणाली, "मावशी, मी सांगितलं होतं हो. दाणे घातलेत म्हणून मी सांगितलं होतं."

"सांगितलं तुम्ही," एस्तेरबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. "म्याच पाह्यलं नाही."

तिच्या केसांतून तो हात त्यांनी लवकर काढून घेतला नाही.

पुढच्या वर्षी त्या टोपल्या करणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. होळी झाली तरी त्या बुरडाकडे गेल्या नाहीत. शाळेत सुया मात्र अधिकच शोधू लागल्या. मग एका संध्याकाळी नंदा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, यंदा मले बटाट्याचीच टोपली द्या." त्या वर्षीच्या टोपल्यांत मोडल्याशिवाय आतलं दिसतं तेवढंच होतं. बत्तासे, गाठी, काकडी, डांगराची म्हणजे खरबुजाची फोड, आणि सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, पिवळे बटाटे. याकोबला मग कुणी शेठ म्हणू शकलं नाही. पाळकीणबाई दर वर्षी येऊन बटाटे रंगवू लागली.

नंतर यजमानांची बदली झाली आणि आम्ही मेहकरला गेलो. नंदा हायस्कुलात गेली. तिला आता स्वतःचं स्वतः बघता येतं. घास मोडून नाही, विचारून. "दाखवा" म्हणते, आणि हसून म्हणते, त्यामुळे कुणी रागावत नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं की एस्तेरबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी एसटीनं बुलढाण्याला गेले. निघताना नंदानं शिरा करून डब्यात दिला होता. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे दुधाळ झालेले. माझा आवाज ओळखला.

"इंगळेबाई? नंदू बरी हाय?"

"बरी आहे. तिनंच शिरा पाठवलाय."

त्यांनी सवयीनं विचारलं, "याच्यात काय हाय?"

मी झाकण काढलं आणि डबा त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"दिसत नाही आता," त्या म्हणाल्या. "वास बी येत नाही. सांगा तुम्ही."

"थांबा, मी बोटाला लावून..."

"सांगा न. मास्तरीन हाय तुम्ही. तुमच्या नावावर खातो."

आयुष्यभर मी मुलींना शब्द शिकवले. असे शब्द कधी उच्चारले नव्हते. "रवा," मी म्हणाले. "साखर. घरचं तूप. वेलची."

"वेलची आन्?"

"वेलचीच. दाणे नाहीत. फल्ली नाही."

त्या हसल्या. मग त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. मी चमचा भरला. चमच्यातला शिरा मी बोटानं मोडून पाहिला, तो त्यांच्या तोंडात घातला आणि घास उतरेपर्यंत त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.